एफटी-६० 'रेड क्यूब' : साठ तासांनंतरचं मत, पण आधी डब्याबद्दल

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे घाईतल्यांची सुटका. इलेक्ट्रॉनिक्स इंटरनॅशनलचा एफटी-६० हा फ्युएल-फ्लो सेन्सर, म्हणजे विमानाच्या इंजिनाला किती पेट्रोल जातंय ते मोजणारा ठोकळा, सगळे ज्याला 'रेड क्यूब' म्हणतात, तो घ्यावा का? घ्यावा. घरी बांधलेल्या माझ्या विमानावर साठ तास उडवून झाल्यावर सांगतोय. पण तो बसवला की पेट्रोलची लाइन तपासून झाली, असं वाटत असेल तर पुढचं वाचा. मलाही तसंच वाटलं होतं, आणि माझ्या उजव्या टाकीने मला शहाणं केलं.

मी मूळचा इचलकरंजीचा. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, मी प्रॉडक्शनमधला इंजिनिअर, आणि गेली सतरा वर्षं मुक्काम विस्कॉन्सिन. ऑशकॉश इथून गाडीने दीड तास. जुलैच्या शेवटी तिथे ईएएचा, म्हणजे हौशी विमानवाल्यांच्या संघटनेचा, मेळा भरतो. ज्याच्या हाताला पान्याची सवय आहे त्याने तिथे एकट्याने जाऊ नये. मी एकटा गेलो होतो, आणि येताना व्हॅन्स या किट विकणाऱ्या कंपनीच्या आरव्ही-९ए विमानाच्या शेपटीचं किट बुक करून आलो. पुढची सहा वर्षं आमच्या दोन्ही गाड्या बर्फात उभ्या राहिल्या, कारण गॅरेजमध्ये विमान होतं.

विमान दोन माणसांचं, पंख खाली, टाक्या पंखांच्या पुढच्या भागात, प्रत्येकी १८ गॅलनच्या. गॅलन म्हणजे इथला, पावणेचार लिटरहून थोडासा जास्त. इंजिन लायकॉमिंग ओ-३२०, १६० हॉर्सपॉवरचं, कार्ब्युरेटरवालं. पंख खाली म्हणजे पेट्रोल आपणहून इंजिनाकडे उतरत नाही, ते ओढून वर न्यावं लागतं. त्यासाठी एक इलेक्ट्रिक पंप आणि एक इंजिनावर बसलेला. पंख डोक्यावर असते तर निम्मी डोकेदुखी वाचली असती, पण मग दिसायला सेसना दिसलं असतं, आणि मला ते नको होतं.

आता क्यूब. दोन काडेपेट्या एकावर एक ठेवल्यासारखा लाल ॲल्युमिनियमचा ठोकळा. दोन्ही बाजूंना पाव इंची एनपीटी (म्हणजे पाइपचे निमुळते) आटे, आत एक चिमुकलं चक्र, वर तीन वायरी: लाल, काळी, पांढरी. पेट्रोल गेलं की चक्र फिरतं आणि पांढऱ्या वायरीवर ठोके येतात. एका गॅलनला साधारण ६८,००० ठोके, या आकड्याला के-फॅक्टर म्हणतात. स्क्रीन ठोके मोजते, भागाकार करते आणि तासाला किती गॅलन जातंय ते दाखवते. माझ्याकडे डायननची स्कायव्ह्यू आहे, तिने क्यूबला पहिल्या झटक्यात ओळखलं. बसवताना पथ्यं थोडी आहेत पण पाळायची आहेत. वायरी आभाळाकडे ठेवा, म्हणजे हवेचा बुडबुडा आत मुक्काम करत नाही. त्याला लागून काटकोनी एल्बो नको, पेट्रोल घुसळत आलं की चक्र काहीही मोजतं. आधी फिल्टर हवा. आणि टेफ्लॉन टेप हॅंगरमध्ये आणूच नका. नळाला ती ठीक आहे, इथे तिचा एक धागा सुटून आत गेला तरी पुष्कळ झालं.

तर क्यूब बसला, स्क्रीनवर आकडा दिसला, इलेक्ट्रिक पंप चालू केला, आकडा नाचला. मी मनात म्हटलं, झालं, लाइन चालू आहे. त्या रात्री आबांशी, म्हणजे वडिलांशी, व्हिडिओ कॉल होता. त्यांना कॅमेरा फिरवून पाइप दाखवत होतो.

"एअर काढलीस काय?"

"आबा, डिझेल नव्हे हे. याला एअर काढायची नसते."

"डिझेल नसंना का. पंप वडतोय न्हवं? मग एअर घेनारच की. भाईर गळलं तर डोळ्याला दिसतंय, आत वडलं तर तुला काय दिसनार?"

हे वाक्य मी दुसऱ्या दिवशी हॅंगरमधल्या पांढऱ्या फळ्यावर लिहून ठेवलं. पंख खालचं विमान बांधणाऱ्या प्रत्येकाने लिहून ठेवावं. टाकीपासून पंपापर्यंतची लाइन चोखणीची आहे. तिथला एखादा नट किंचित सैल असेल तर खाली निळा डाग पडेलच असं नाही. (१००एलएल ॲव्हगॅसला, म्हणजे विमानाच्या पेट्रोलला, निळा रंग घातलेला असतो, गळती सुकली की निळी खूण राहते.) पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते, आणि सगळं कोरडं ठणठणीत दिसतं.

यावर इथली पुस्तकं काय म्हणतात ते थोडक्यात. हौशी विमानांच्या चाचणीसाठी एफएएची (अमेरिकेच्या विमान-नियामकाची) ९०-८९ क्रमांकाची पुस्तिका आहे, फुकट मिळते. हिशेब सोपा आहे: हॉर्सपॉवर गुणिले ०.५५, म्हणजे तासाला इतके पाउंड पेट्रोल. माझं १६० चं इंजिन, म्हणजे ८८ पाउंड. गॅलनला ६ पाउंड धरा, तासाला १४.७ गॅलन झाले. पंपावर चालणाऱ्या लाइनला याच्या १२५ टक्के मिळालं पाहिजे, नुसत्या उताराने येणाऱ्या लाइनला १५० टक्के. माझा आकडा आला १८.३. म्हणजे कार्ब्युरेटरला जाणारी नळी सोडवून डब्यात धरली तर एक गॅलन ३ मिनिटं १६ सेकंदांच्या आत पडला पाहिजे. आणि हे सगळं विमान सपाट उभं असताना नाही. चढताना नाक जितकं वर जाईल त्याच्यापेक्षा ५ अंश जास्त वर करून.

अमेरिकेच्या एनटीएसबीने, म्हणजे अपघातांचा तपास करणाऱ्या संस्थेने, २०१२ मध्ये घरी बांधलेल्या विमानांच्या अपघातांचा अभ्यास छापला. इंजिन बंद पडणं हे त्यातल्या मोठ्या कारणांपैकी एक, आणि विमान नवं असताना, पहिल्या काही उड्डाणांतच, अपघातांचं प्रमाण डोळ्यांत भरणारं. त्यांनी एफएएला सुचवलं होतं की विमानाला उडायचा कागद देण्याआधी पेट्रोल-यंत्रणेची प्रत्यक्ष चाचणी करून तिचा अहवाल मागा. माझ्याकडे तपासायला जो गृहस्थ आला त्याने अहवाल आहे का एवढंच विचारलं. मी फाइल पुढे केली. त्याने पानं उलटली आणि बोटाने एका आकड्यावर थांबून विचारलं, "हे दुसऱ्यांदा का केलं?" तिकडे येतोच.

सामान फार लागत नाही. टाक्या गळतात का ते त्याआधीच पाहिलं होतं, व्हॅन्सच्या टाकी-चाचणीच्या किटने. त्यात व्हॉल्व्ह आणि बुचं असतात, आणि वर फुगा लावायचा. हो, वाढदिवसाचा फुगा. टाकीत हलकी हवा भरायची आणि फुगा उतरतो का पाहायचं. दाब एक पीएसआयच्या वर न्यायचा नाही, पत्रा पातळ आहे. मी पारदर्शक नळीत पाणी भरून मोजला, साधारण ७० सेंटिमीटर पाण्याचा स्तंभ म्हणजे एक पीएसआय. गंमत अशी की फुगा सकाळी मलूल, दुपारी टरारलेला, रात्री पुन्हा मलूल. पहिल्या दिवशी माझं काळीज त्याच्याबरोबर वरखाली झालं. मग कळलं, गॅरेजचं तापमान बदलतंय, टाकी बिचारी ठीक आहे. साबणाचं पाणी ब्रशने प्रत्येक रिव्हेटवर फिरवा, फुग्यावर भरवसा ठेवू नका. टाक्या जोडायचं सीलंट दोन भागांचं असतं, वजनाने दहास एक मिसळायचं, त्यासाठी मी स्वयंपाकघरातला वजनकाटा नेला होता. तो परत आला नाही. सीलंट काळपट, चिकट, आणि वास असा की शेजारच्याने गॅसवाल्यांना फोन करावा की काय असा विचार केला होता, त्याने नंतर सांगितलं.

चाचणीसाठी डबा लोखंडी घ्या. प्लास्टिकच्या बादलीत पेट्रोल सोडलं की स्थिर वीज साठते. डबा आणि विमान एका वायरीने जोडून ठेवा, काम उघड्यावर करा, दोन अग्निशामक हाताशी ठेवा, फोन लांब ठेवा. मी वजनाने मोजलं, आणि त्यासाठी भारतात जायच्या आधी बॅगा मोजायचा तो हुकवाला काटा वापरला. प्रत्येक मराठी घरात असतो तो इथे. डबा लटकवायचा, पाउंड वाचायचे, सहाने भागायचे. रेषा मारलेल्या डब्यापेक्षा हे फार बरं, फेस आला तरी वजन खोटं बोलत नाही.

विमान १७ अंश वर करणं हा वेगळा तमाशा. माझं विमान तीन चाकांचं, पुढे नाकचाक. शेपूट खाली दाबली तर ती जमिनीला टेकते आणि कोन अजून कमीच असतो. शेवटी मागची दोन चाकं फळ्यांच्या उतारावर चढवली, ठोकळे मारले, नाकचाकाखाली ओंडके रचले, शेपटीची कडी जमिनीला बांधली. कोन कॅनपीच्या (डोक्यावरच्या काचेच्या झाकणाच्या) कडेवर डिजिटल लेव्हल ठेवून पाहिला. विमानतळावरचे दोघे म्हातारे खुर्च्या घेऊन येऊन बसले. एकाने सॅंडविच आणलं होतं.

पहिला प्रयोग कमी पेट्रोलवर, प्रत्येक टाकीत चार गॅलन. डावी टाकी: सुरुवातीची धार पांढुरकी, बुडबुड्यांची. नळीच्या टोकाला मी मुद्दाम पारदर्शक तुकडा लावला होता, त्यातून दिसत होतं. लाइन भरेपर्यंत बुडबुडे येणारच म्हणून थांबलो. अर्धा मिनिट झाला, मिनिट झाला, बुडबुडे आहेतच, मोहरीएवढे, एका मागून एक. आणि क्यूबचा आकडा? वाढलेला. इथे लक्ष द्या. क्यूबला पेट्रोल आणि हवा यांतला फरक कळत नाही. बुडबुडा आला की चक्र सुटल्यासारखं फिरतं. स्क्रीनवर जास्त दिसतंय म्हणजे इंजिनाला जास्त मिळतंय असं नाही, उलटही असू शकतं. नुसती स्क्रीन पाहत बसलो असतो तर मी खूश होऊन घरी गेलो असतो.

आबांचं वाक्य फळ्यावर होतंच. डाव्या टाकीपासून सिलेक्टरपर्यंत, म्हणजे कुठल्या टाकीतून पेट्रोल घ्यायचं ते ठरवणाऱ्या कॉकपर्यंत, प्रत्येक जोड उघडून पाहिला. सिलेक्टरवरच्या फ्लेअरला भिंगातून केसाएवढी चीर दिसली. ॲल्युमिनियमची तीन-अष्टमांश इंची नळी, तिचं तोंड ३७ अंशांत पसरवायचं असतं. मोटारीच्या ब्रेकचं फ्लेअर ४५ अंशांचं, ते हत्यार चुकूनही वापरायचं नाही, आणि मी वापरलं नव्हतं. माझी चूक साधी होती: नळी कापल्यावर कडेचा बर (कापताना राहिलेली खरखरीत धार) नीट घासला नव्हता, पसरवताना तिथूनच चिरली. नवी नळी, नवा फ्लेअर, बुडबुडे बंद. मग एक गॅलन २ मिनिटं २१ सेकंदांत. तासाला साडेपंचवीस गॅलन. लागणार १८.३. उजवीकडे २ मिनिटं २४. म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. एकाने विचारलं, आता पूर्ण टाकीवर कधी? मी म्हटलं, कमी पेट्रोलवर पास झालं, तर भरलेल्या टाकीवर होणारच की. तो काही बोलला नाही, सॅंडविच खात राहिला. हा ईएएचा टेक्निकल कौन्सेलर, म्हणजे बांधणाऱ्यांना सल्ला देणारा, निघाला. हे लोक स्वयंसेवक असतात, पैसे घेत नाहीत, आणि त्यांच्या गप्प बसण्यात पुष्कळ काही असतं.

चार दिवसांनी टाक्या भरल्या, गळ्याखाली दोन बोटं सोडून. डावी टाकी: २ मिनिटं १९. उजवी टाकी: पहिला अर्धा गॅलन १ मिनिट १३ सेकंदांत, अगदी पहिल्यासारखा. मग धार बारीक व्हायला लागली. दुसऱ्या अर्ध्या गॅलनला २ मिनिटं ४०. पंपाचा आवाज बदलला, टिकटिक जड झाली. तिसऱ्या अर्ध्याला धार नाही, थेंबांची माळ. आणि एकदम पंखातून 'टण्ण' आवाज आला, रिकामा तेलाचा डबा अंगठ्याने दाबल्यावर येतो तसा. टाकीचा पत्रा आत बसत होता. मी पंप बंद केला, पंखावर चढून झाकणाची कळ उचलली. फुस्स! हवा आत शिरली, पत्रा 'टण्ण' करून जागेवर आला. पंप पुन्हा चालू केला तर धार पहिल्यासारखी.

व्हेंट. टाकीतून पेट्रोल जाईल तेवढी हवा आत यायला वाट लागते, ती पंखाखालून येणाऱ्या एका नळीने मिळते. आठ महिन्यांपूर्वी रंग देताना मी त्या नळीच्या तोंडावर मास्किंग टेप लावली होती. रंग झाल्यावर काढली. बहुतेक काढली. एक तुकडा जाळीमागे आत ढकलला गेला होता, आणि जेमतेम एका सुईएवढी वाट सोडून बसला होता.

मग कमी पेट्रोलवर हे का कळलं नाही? चार गॅलन पेट्रोल असताना टाकीत चौदा गॅलनची हवा होती. त्यातून एक गॅलन पेट्रोल गेलं तर ती हवा थोडी ताणली जाते, दाब किरकोळ उतरतो, पंपाला पत्ताही लागत नाही. भरलेल्या टाकीत हवा जेमतेम अर्धा गॅलन. तेवढंच पेट्रोल गेलं की त्या हवेला दुप्पट जागा व्यापावी लागते, दाब निम्म्याकडे जायला लागतो, आणि पंपाची चोखणी त्यापुढे काय करणार? म्हणजे जवळपास रिकामी टाकी ओढनळीतली खोट दाखवते, आणि भरलेली टाकी व्हेंटमधली. दोन्ही करावं लागतं. पहिल्या उड्डाणाला माणूस टाकी भरूनच निघतो. धावपट्टीवर सगळं छान, आणि हिशेब केला तर माझं इंजिन झाडांच्या उंचीच्या थोडं वर गेल्यावर गुदमरलं असतं. त्या अहवालात 'दुसऱ्यांदा' होतं ते हे.

व्हेंटचं अजून एक. इथे उन्हाळ्यात कुंभारीण माश्या अशा नळ्यांमध्ये चिखलाची घरं करतात. आपल्याकडे खिडकीच्या चौकटीत करतात तशीच. आता विमान उभं केलं की दोन्ही व्हेंटना लाल फीत लावलेली बुचं घालतो, आणि निघताना फिती हातात मोजतो.

न वापरता येणारं पेट्रोल किती, हेही तेव्हाच पाहिलं. ज्याने बजाज चेतक चालवली आहे त्याला हे समजावायची गरज नाही. रिझर्व्ह संपल्यावर स्कूटर डावीकडे आडवी करायची, कोपऱ्यातलं पेट्रोल नळीच्या तोंडाशी यायचं, आणि आपण गांधी पुतळ्यापासून घरापर्यंत यायचो. विमान आडवं करता येत नाही. माझ्या टाकीत ओढनळी मागच्या कोपऱ्यात आहे, म्हणून नाक वर असताना ती जवळजवळ सगळं चोखते, धार तुटल्यावर टाकीत पाऊण लिटर राहिलं. शेपूट घोडीवर चढवून नाक खाली केलं तेव्हा साडेतीन लिटर राहिलं. उतरताना नाक खालीच असतं. त्यामुळे माझ्या चेकलिस्टमध्ये मोठा आकडाच लिहिला आहे, दोन्ही टाक्यांना एकेक गॅलन नाही असं धरायचं.

पहिलं पेट्रोल कॉफीच्या फिल्टर-कागदातून गाळलं. कागद उन्हात धरला तर जरीच्या साडीसारखा चमकत होता. ॲल्युमिनियमचा कीस, आणि त्यात सीलंटचे चार काळे कण. तिसऱ्या धुण्याला कागद स्वच्छ आला. क्यूब त्यानंतर बसवला असता तर शहाणपणाचं झालं असतं. मी आधी बसवला होता, म्हणून काढून, उलटा करून, स्वच्छ पेट्रोलने धुऊन परत बसवला. तुम्ही तसं करू नका.

सिलेक्टरबद्दल. गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ ला कॅलिफोर्नियात मॉन्टेरे बेमध्ये लॉन्ग-ईझेड विमानासह कोसळून गेला. विमान दुसऱ्या कुणी बांधलेलं, त्याने नुकतंच घेतलेलं. मूळ आराखड्यात पेट्रोलचा कॉक पायलटच्या पायांमध्ये होता. बांधणाऱ्याने तो डाव्या खांद्याच्या मागे नेला होता. फिरवायचा तर पट्ट्यांत अडकलेल्या माणसाने मागे वळायचं. मूठ अशी की त्या दिवशी पकड लावून फिरवायचा प्रयत्न झाला होता, आणि मागचे पेट्रोलचे काटे दिसावेत म्हणून मेकॅनिकने त्याला आरसा दिला होता. पेट्रोलही फार नव्हतं. हा अहवाल मी दोनदा वाचला, आणि माझा कॉक दोन सीटच्या मध्ये, समोर, डावं म्हणजे डावं आणि उजवं म्हणजे उजवं असा ठेवला. पट्टे आवळून, डोळे मिटून तो शंभर वेळा फिरवला. मुलगी म्हणाली, बाबा विमानात बसून गिअर टाकायचा खेळ खेळतायत.

इंजिन पहिल्यांदा चालू केलं त्या आठवड्यात अजून एक गोष्ट करा. टॅक्सीच्या, म्हणजे विमान जमिनीवरून हळू चालवायच्या, वेगाला कॉक बंद करून स्टॉपवॉच लावा. माझं इंजिन १ मिनिट १० सेकंद चाललं, नेहमीसारखं, कुठलीही कुरकुर नाही, आणि मग गेलं. एवढ्या वेळात माणूस टॅक्सी करून धावपट्टीच्या टोकाला पोचतो. म्हणून मी टेक-ऑफच्या अगदी आधी कॉक बदलत नाही. ज्या टाकीवर तपासणी केली, त्याच टाकीवर निघतो.

आता क्यूब हवेत. मला पहिले चाळीस तास एकट्याने, ठरवलेल्या भागातच उडायचं होतं. इंजिन आणि पंखा (प्रोपेलर) ही जोडी प्रमाणित असती तर पंचवीस. तेवढ्या वेळात क्यूबचं खरं काम कळलं. जमिनीवर इलेक्ट्रिक पंप चालू असताना तो ३१, ३४, २९ असं काहीही दाखवत होता, डब्यात मात्र साडेपंचवीस पडत होतं. हा पंप टिकटिक करत ढकलतो, पेट्रोल झटक्यांनी येतं, चक्र झटके मोजतं. क्यूबचा दोष मी मानत नाही. वर गेल्यावर इलेक्ट्रिक पंप बंद केला आणि आकडा तळ्यासारखा शांत झाला. म्हणून डब्यापाशी बसून के-फॅक्टर बदलू नका. मी आधी बदलला, मग परत ६८,००० केला, मग तीन वेळा टाकी भरून हिशेब ठेवला. क्यूब म्हणाला ३१.६ गॅलन, पंपावर भरले २९.९. जास्त दाखवतोय, म्हणजे के वाढवायचा: ६८,००० गुणिले ३१.६, भागिले २९.९. आले ७१,८६६. घातले. त्यानंतरच्या पाच भरण्यांत फरक कधी दोन दशांश गॅलनच्या वर गेला नाही. मिश्रण बारीक करताना, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी करताना, तर याच्याशिवाय कसं जमत होतं लोकांचं, असा प्रश्न पडतो: घुंडी हलकीच ओढावी आणि आकडा ९.१ वरून ७.८ वर उतरताना पाहावा.

टाकीतलं पेट्रोल दाखवणारे काटे मात्र वेगळी गोष्ट. पंखांना वर जाणारा कल असतो, फ्लोट आतल्या बाजूला, त्यामुळे माझा काटा पहिले तीनचार गॅलन जाईपर्यंत 'पूर्ण' म्हणत हलतच नाही. तो काळ क्यूब सांभाळतो. पण क्यूबला टाकीत किती आहे हे ठाऊक नसतं, तुम्ही जो आकडा सुरुवातीला घातलात त्यातून तो वजा करत जातो. झाकण नीट बसलं नाही आणि पेट्रोल वर उडून गेलं, तर त्याला कळणारही नाही. लाकडी पट्टीवर मी दोन-दोन गॅलनच्या खुणा करून घेतल्या आहेत, निघताना ती बुडवतोच.

आबांना पहिल्या उड्डाणाचा व्हिडिओ पाठवला. त्यांनी तो कॉलनीत सगळ्यांना दाखवला, वर सांगितलं की मुंबईत अमोल यादवने कांदिवलीत चारकोपच्या गच्चीवर विमान बांधलं, तसं माझ्या पोरानं गॅरेजात बांधलं. अमोल यादवांनी जे केलं त्याला गच्ची, अनेक वर्षं आणि परवानग्यांच्या खेपा लागल्या, त्याची माझ्याशी तुलना नको, हे मी सांगून पाहिलं. "त्यानं एअर काढली व्हती का?" एवढंच त्यांनी विचारलं.

क्यूबला पाचपैकी साडेचार. अर्धा एवढ्यासाठी कापला की सोबतच्या कागदात हवेच्या बुडबुड्यांचं एक मोठं अक्षरातलं वाक्य असतं तर बरं झालं असतं. फुग्याच्या किटला चार. लोखंडी डब्याला पाच. बॅगा मोजायच्या काट्यालाही पाच देणार होतो, पण त्याला पेट्रोलचा वास कायमचा लागला आहे. डिसेंबरात इचलकरंजीला निघायच्या आधी बायकोने नवा आणला आणि त्याच्या दांडीवर मार्करने लिहिलं: 'फक्त बॅगा'.